थोडासा समुद्र

आतेच्या घरात भिंतीवर कालनिर्णय असायचं, पण त्यातल्या तारखेशी तिला काही देणंघेणं नसायचं. ती बघायची तिथी. तिथीची पाऊणपट केली की येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असली की आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, संध्याकाळीही सहाच्याच सुमाराला. मग मधली सुकती दुपारी बाराला. (सुकती म्हणजे ओहोटी. आतेच्या तोंडी मी ओहोटी हा शब्द कधी ऐकला नाही.) पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पाणी सगळ्यात खाली जाणार ते पहाटे पाचच्या पुढेमागे आणि पुन्हा संध्याकाळी पाच-साडेपाचला. पाउणकीचा पाढा आमच्या पिढीला शाळेत कुणी शिकवला नाही. मला तो देवगड तालुक्यातल्या एका वाडीत, चुलीसमोर बसून, समुद्राचं वेळापत्रक म्हणून पाठ झाला.

हा हिशेब किती नेटका आहे ते फार पुढे कळलं. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. रोजची ही पाच मिनिटांची तूट साठत जाते, आणि प्रतिपदेला पुन्हा एकापासून मोजायला लागलं की आपोआप भरून निघते. ज्यांनी हे बसवलं त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, पण समुद्रात जाणारं माणूस घरात होतं.

पुनवेच्या आणि अवसेच्या पहाटे आते कालवं काढायला खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ पट्ट्यात, उतरायची. डोक्याला फडकं, कमरेला पदर खोचलेला, एका हातात टोपली आणि दुसऱ्या हातात टोकदार लोखंडी हत्यार. मी मे महिन्याच्या सुट्टीत गेलेली, म्हणून मागे मागे. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, त्यामुळे पायांत रबरी चपला घालण्याची सक्ती होती आणि धावायला बंदी. अंधार पुरता गेलेला नसायचा. काल संध्याकाळी जिथे लाटा फुटत होत्या तिथे आता काळा, ओला, खडबडीत कातळ लांबवर पसरलेला, आणि त्याच्या खळग्याखळग्यांत समुद्र जाताना मागे विसरून गेलेलं पाणी. कुठे बशीएवढं, कुठे परातीएवढं, कुठे एखाद्या खोलीएवढं. आम्ही त्यांना डबकीच म्हणायचो. हा शब्द त्यांना शोभत नाही असं मला आता वाटतं, कारण डबकं म्हटलं की साचलेलं, कुजलेलं पाणी डोळ्यांपुढे येतं. हे पाणी तर काचेसारखं असायचं.

आते कालवं फोडायला बसली की मी एका परातीएवढ्या डबक्याशी उकिडवी बसायचे. आधी काहीच दिसत नाही. चार दगड, थोडं हिरवं शेवाळ, तळाला शिंपल्यांचा चुरा. आपली सावली पाण्यावर पडली की जे काही असेल ते दडून बसतं, म्हणून सूर्य उगवेल ती बाजू समोर धरून बसायचं आणि हलायचं नाही. पाचेक मिनिटं गेली की एक शंख चालायला लागतो. शंखाच्या तोंडातून लालसर, केसाळ पाय बाहेर आलेले असतात: शंखवासी खेकडा, दुसऱ्याच्या रिकाम्या घरात बिऱ्हाड थाटलेला. मग ध्यानात येतं की तळाला शिंपल्याच्या चुऱ्याचा जो गोळा होता तो चुरा नाहीच. ते समुद्रफूल आहे, अंगाला कपच्या चिकटवून घेतलेलं, आणि आता त्याच्या मधोमध तपकिरी पाकळ्या उमलू लागल्या आहेत. एक कोळंबी समोरून जाते, इतकी पारदर्शक की तिचे फक्त डोळे जाताना दिसतात. आणि सगळ्यात शेवटी, जिथे आपण इतका वेळ टक लावून बघत होतो त्याच दगडावर, दगडाच्याच रंगाचा एक बोटभर मासा असतो. तो पहिल्यापासून तिथेच होता आणि आपल्याकडे बघत होता.

नऊ वर्षांची असताना मी तो मासा घरी आणला. मासा, दोन शंखवासी खेकडे आणि शेवाळाचा एक झुबका. मोठी काचेची बरणी होती, पाणी त्याच डबक्यातलं होतं, झाकणाला आतेने खिळ्याने भोकं पाडून दिली होती. दिवसभर ते सगळे व्यवस्थित होते. शेवाळावर बारीक चंदेरी बुडबुडे धरले होते, मासा बरणीच्या भिंतीला पोटाने चिकटून बसायचा. मी बरणी उशाशी घेऊन झोपले. सकाळी मासा वर तरंगत होता आणि दोन्ही खेकडे शंख सोडून तळाला उघडे पडले होते. त्यांची ती मऊ, पिळदार, कधीच कुणाला न दाखवायची अंगं मला अजून आठवतात. मी खूप रडले. आते ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुका बरणीत घातलंय तर तू जगतलंस?" आणि बरणी घेऊन माझ्यासकट समुद्रावर गेली.

काय झालं होतं ते समजायला मला कॉलेजपर्यंत थांबावं लागलं. शेवाळावरचे ते चंदेरी बुडबुडे प्राणवायूचे होते. दिवसा, उजेड असेपर्यंत, शेवाळ प्राणवायू सोडतं आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं. उन्हातल्या डबक्यात प्राणवायू इतका होतो की पाण्यात मावत नाही. रात्री कारखाना बंद. मग शेवाळसुद्धा इतरांसारखं नुसता श्वास घेत राहतं. प्राणवायू उतरत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्याने पाणी आम्लाकडे झुकतं. मी सोबतीला म्हणून टाकलेल्या शेवाळाच्या झुबक्यानेच रात्रभरात त्या तिघांच्या वाटचा श्वास संपवला होता.

पण मग खऱ्या डबक्यातही रात्रीची सुकती असतेच की. तिथेही तेच शेवाळ, तोच अंधार. तिथे ते मरत का नाहीत? हा प्रश्न मला बरीच वर्षं पुरला. एकदा मे महिन्यातल्या पहाटे, उजाडायच्या आधी, टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावून मी डबक्याशी जाऊन बसले, तेव्हा उत्तर समोरच होतं. शंखवासी खेकडे पाण्यात नव्हते. काठाच्या ओल्या दगडावर चढून बसले होते. गोगलगाई पाण्याच्या रेषेच्या वर ओळीने चिकटल्या होत्या. दोन मासे अगदी काठाला, वितभर नाही तर बोटभर पाण्यात, तोंड पृष्ठभागाला लावून होते. पाण्याचा सगळ्यात वरचा पापुद्रा हवेला लागून असतो आणि त्यात प्राणवायू सतत थोडा थोडा मुरत असतो; ते तेवढंच पीत होते. डबक्याला काठ असतो. माझ्या बरणीला काठ नव्हता, गुळगुळीत भिंत होती आणि वर झाकण.

समुद्राच्या मानाने डबकं ही फार अवघड जागा आहे. उघड्या समुद्रात पाण्याची उष्णता दिवसभरात अंशा-दोन अंशांनी हलेल, खारटपणा तर जवळजवळ हलतच नाही, लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास. डबक्यात मात्र सहा तासांत सगळं बदलतं. ऊन चढलं की पाणी तापतं, उडतं, उरलेलं खारट होत जातं. सगळ्यात वरच्या खळग्यांत, जिथे फक्त उधाणाचे तुषार पोचतात, मे महिन्यात नुसतं पांढरं मीठ उरतं. आते ते बोटाने खरवडून घरी आणायची. अशा वरच्या खळग्यांतही, कोरडे पडेपर्यंत, टाचणीच्या टोकाएवढे कोपेपॉड, कोळंबीचे दूरचे नातेवाईक, झटके देत पोहताना दिसतात. इतक्या खाऱ्या पाण्यात टिकणारी त्यांची स्वतंत्र जातच आहे.

या सगळ्यांनी तग धरण्यासाठी काय काय केलंय ते बघत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. समुद्र जातो तेव्हा त्यातला थोडासा प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवून घेतलेला असतो. कातळाने खळग्यात ठेवला, तसा या जीवांनी अंगात. काळ्या वाटोळ्या गोगलगाई शंखाच्या तोंडावर एक घट्ट झाकण ओढून घेतात आणि आत दोन-चार थेंब समुद्र धरून बसतात. कालव आपल्या दोन शिंपा आवळून घेतं, म्हणून तर ते फोडल्यावर आधी खारं पाणी बाहेर येतं आणि मग मांस. समुद्रफूल पाकळ्या आत घेऊन गोळा होतं. त्याला हलकं बोट लावलं तर पिचकारी उडते. खेकडा कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी भरून घेतो आणि तेच पाणी परत परत खेळवत तासन्‌तास कोरड्या दगडावर हिंडतो, मधूनच त्याच्या तोंडाशी फेस दिसतो तो यामुळेच. समुद्रफुलाने अंगाला लावलेल्या त्या शिंपल्याच्या कपच्या, त्याही ऊन परतवायला आणि ओल टिकवायलाच.

बार्नेकल तर मला अजून पुरता उमगलेला नाही. तो कोळंबी-खेकड्यांचा नातेवाईक. लहानपणी मोकळा पोहतो, मग एके दिवशी जागा निवडतो, डोकं खाली करून दगडाला चिकटतो, भोवती चुन्याच्या पाकळ्यांचं घर बांधतो आणि उरलेलं सगळं आयुष्य पायांनी पाणी चाळून खात काढतो. सुकती झाली की वरचं दार लावून घेतो. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं बार्नेकलांच्या अभ्यासाला दिली होती, तेव्हा एका माणसाला ते एका सुट्टीत न उमगणं साहजिक आहे.

लिंपेटबद्दल मात्र सांगायलाच हवं. हीही एक गोगलगायच. उन्हाळी टोपीसारखा शंकू, रुपयाएवढा, खडकाला असा चिकटलेला की नखाने हलत नाही. लोकांना तो खडकाचाच फोड वाटतो. पाणी असताना किंवा दगड ओला असताना तो निघतो, खडकावरचं शेवाळ खरवडून खातो, आणि कोरडं व्हायच्या आत परत येतो. कुठेही नाही, आपल्याच जागेवर. त्या जागेवर त्याच्या शंखाची कड आणि खडकाचा खडबडीतपणा एकमेकांत नेमका बसलेला असतो, जुन्या डब्याला त्याचंच झाकण बसावं तसा. वीतभर बाजूला तो तेवढा घट्ट बसू शकणार नाही आणि आतलं पाणी उडून जाईल. मी एकदा एका लिंपेटच्या शेजारी खडूने खूण केली आणि तीन सुकत्या पाहिल्या. तिन्ही वेळा तो तिथेच, त्याच दिशेला तोंड करून होता. ज्या दातांनी तो खडक खरवडतो ते दात २०१५ साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात तपासले गेले आणि निसर्गातल्या तोवर माहीत असलेल्या कुठल्याही पदार्थापेक्षा ते मजबूत निघाले. कोळ्याच्या रेशमापेक्षाही.

याच्या उलट रीत सगळ्यात वरच्या कातळावरच्या, वाटाण्याएवढ्या गोगलगाईंची. खडक तव्यासारखा तापतो तेव्हा चिकटून बसणं म्हणजे भाजून घेणं. त्यांच्यातल्या काही पाय पूर्ण आत ओढून घेतात, झाकण लावतात आणि शंखाची फक्त एक कड चिकट पदार्थाच्या बारीकशा टाक्याने खडकाला डकवून ठेवतात. बाकी सगळा शंख हवेत, अधांतरी. तव्याला जेवढा कमी स्पर्श तेवढा चटका कमी.

आता परत आतेच्या पाउणकीकडे येते, कारण हे सगळं कळल्यावर मला तिच्यातली एक गोष्ट नव्याने दिसली, आणि ती मला कुठल्याही दातापेक्षा आणि झाकणापेक्षा मोठी वाटते.

पुनव आणि अवस ही उधाणाची. पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं. अष्टमीला भांगाची भरती. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची सुकती येते पहाटे आणि संध्याकाळी. म्हणजे खडपाचा सगळ्यात खालचा भाग, जिथे सगळ्यात नाजूक जीव राहतात, तो उघडा पडतो तेव्हा ऊन कोवळं तरी असतं किंवा कलतं तरी. भर दुपारी बाराची सुकती येते ती अष्टमीला, आणि त्या दिवशी पाणी एवढं खाली जातच नाही. मधल्या डबक्यांना दुपारचा ताप सोसावा लागतो, पण खालच्यांवर तेव्हा पाणी असतं. अष्टमीला मी दुपारी खडपात जायला निघाले की आते म्हणायची, "बाराची सुकती ती, उनात मराक जातलंस?" ती मला म्हणायची, पण खालच्या खडपातल्या समुद्रफुलांना समुद्राने हेच सांगून ठेवलं होतं.

हे सगळ्या जगात असं नाही. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याच्या उत्तर भागात उन्हाळ्यातल्या मोठ्या ओहोट्या दुपारच्या सुमाराला येतात. २०२१ च्या जूनअखेरीस तिथे उष्णतेची विलक्षण लाट आली आणि नेमक्या त्याच दिवसांत दुपारी पाणी खूप खाली गेलं. उघड्या खडकांचं तापमान ५० अंशांच्या वर गेलं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले ख्रिस हार्ली किनाऱ्यावर पोचायच्या आधीच त्यांना वास आला. लाखो शिंपले आपापल्या जागी उघडे पडून शिजले होते. बार्नेकल, शिंपले, तारामासे, गोगलगाई असे सगळे मिळून एक अब्जाहून जास्त जीव त्या काही दिवसांत गेले असावेत असा त्यांचा अंदाज आहे. हे वाचलं त्या रात्री मी देवगडची तिथी काढून बघत बसले. आमचं खालचं खडप वाचतं ते चंद्र-सूर्याच्या वेळा जुळून आल्यामुळे, एवढंच. पाणीच तापत गेलं तर ही वेळ तरी किती पुरेल, या विचाराने मला झोप लागली नाही.

आता तो दगडाच्या रंगाचा मासा. गोबी म्हणतात त्याला. सुकतीच्या वेळी काठीने डिवचलं तर तो एका डबक्यातून उडी मारून थेट शेजारच्या डबक्यात पडतो, तिथून तिसऱ्यात, आणि असं करत समुद्र गाठतो. मधल्या कोरड्या कातळावर आपटत नाही. पुढचं डबकं त्याला पाण्यातून दिसत नसतं. मग कसं? न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतले लेस्टर आरॉनसन यांनी यावर १९५१ साली लिहिलं आणि पुढे १९७१ पर्यंत त्याचा पाठपुरावा केला. त्यांनी कृत्रिम डबकी बांधली. ज्या माशांना ती फक्त सुकतीच्या रूपात दिसली होती ते बरोबर उडी मारू शकले नाहीत. मग एका रात्रीपुरतं त्यांनी पाणी चढवलं, खोटी भरती आणली. मासे त्या बुडलेल्या खडकावरून हिंडले. पाणी उतरवल्यावर त्यांच्या उड्या अचूक पडल्या. वर पाणी असताना पोहत पोहत त्यांनी खालच्या खळग्यांचा नकाशा पाठ केला होता. आणि तो त्यांना महिन्याहून जास्त, ४० दिवसांपर्यंत आठवत राहिला.

ज्या माशाला मी बरणीत ठेवलं तो याच कुळातला होता. त्याला त्या खडपातली किती डबकी पाठ असतील, हे मी अजूनही अधूनमधून मनात आणते.

पावसाळ्यात आम्ही खडपात गेलो नाही कधी. समुद्र तेव्हा जाऊ देत नाही. पण तेव्हाही डबकी असतातच आणि त्यांत वरून कोसळतं ते गोडं पाणी. कोकणात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे काही विशेष नाही. खाऱ्या पाण्याच्या जिवाला गोडं पाणी विषासारखं, ते अंगात शिरतं आणि फुगवून मारतं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते आधी वर तरंगत राहतं. जे हलू शकतात ते तळाला जातात, जे हलू शकत नाहीत ते दार लावून घेतात आणि पुढची भरती यायची वाट बघतात. गणपतीनंतर पुन्हा खडपात उतरावं तर खडक हिरवेगार असतात आणि पिल्लांची गर्दी उसळलेली असते.

आतेचे खडपातले दोन नियम होते. पहिला, कालव काढताना वरची शिंप उडवायची, मांस घ्यायचं आणि खालची शिंप खडकाला तशीच चिकटलेली ठेवायची. तिच्यावर पुढची कालवं धरतात. दुसरा नियम माझ्यासाठी होता. मी काय काय बघायला दगड उलटे करायचे. ती लांबून ओरडायची, "गो, धोंडो हुतो तसो परत घाल! तेंच्या घराचा छप्पर असा ता." दगडाच्या खालच्या बाजूला स्पंज, नळ्यांत राहणारे कृमी, लहान चिंबोऱ्या, अंड्यांचे पुंजके असतात, ते उन्हात उताणे राहिले तर तासाभरात संपतात. वरच्या बाजूचं शेवाळ खाली दडपलं गेलं तर तेही जातं. एका दगडाच्या दोन बाजू म्हणजे दोन गावं.

दर पुनवेला-अवसेला टोपलीभर कालवं काढूनही ते खडप ओसाड का झालं नाही, याचं थोडं उत्तर मला अमेरिकेतल्या एका किनाऱ्यावर सापडलं. वॉशिंग्टन राज्यातल्या मक्काव बे इथे १९६३ पासून रॉबर्ट पेन यांनी खडकाच्या एका पट्ट्यातले सगळे तारामासे उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली. खाणारा गेल्यावर बाकीचे सुखाने वाढतील असं कुणालाही वाटेल. झालं भलतंच. तारामासा ज्यांना खात होता त्या शिंपल्यांनी सगळा खडक व्यापला आणि तिथल्या १५ जातींपैकी ८ च उरल्या. आते आणि वाडीतल्या बाया कालवं काढून जी उघडी जागा करायच्या तिथे दुसरं कुणी वस्तीला येत असणार. मात्र त्या चार-पाच जणी होत्या, हातात टोपली होती आणि महिन्यातले मोजकेच दिवस होते. गाडीभर माल नेणाऱ्यांना मी हे समर्थन देणार नाही.

गेली वीस वर्षं मी मुंबईत आहे. इथेही खडप आहे हे मला बराच काळ माहीत नव्हतं. मरीन ड्राइव्हच्या सिमेंटच्या चौपायी ठोकळ्यांच्या खाली, हाजी अलीला, कार्टर रोडला. २०१७ साली प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मरीन लाइफ ऑफ मुंबई हा उपक्रम सुरू केला आणि सामान्य माणसांना ओहोटीच्या वेळी तिथे न्यायला सुरुवात केली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्य ओलांडत गेले, मन आधीच खट्टू होतं. आणि मग एका खडकावर हिरव्या-तपकिरी झोअँथिडांचा, म्हणजे समुद्रफुलांच्या चुलतभावंडांचा, गालिचा दिसला. बटणाएवढी शेकडो तोंडं एकमेकांना खेटून मिटलेली, प्रत्येकात चमचाभर पाणी. मी खाली बसले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या डबक्यात एक लहान ऑक्टोपस होता. एवढ्या शहराचं सांडपाणी पचवून.

कोस्टल रोडसाठी भराव टाकताना हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या काही प्रवाळ-वसाहती २०२० च्या अखेरीस उचलून दुसरीकडे नेण्यात आल्या, कारण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं छत्र आहे. लिंपेट, बार्नेकल, गोबी, गोगलगाई यांना नाही. लिंपेटला तर दुसरीकडे नेऊनही भागलं नसतं; त्याची कड ज्या खडकात बसते तो खडकच भरावाखाली गेला. मी त्या रस्त्यावरून जाते तेव्हा दहा मिनिटं वाचतात, आणि प्रत्येक वेळी मला तो खडूने खूण केलेला आठवतो.

आते आता ८१ वर्षांची आहे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून खडपात उतरत नाही. पण तिथी चुकत नाही. या माघी पुनवेला मी गेले होते, तर दुपारीच म्हणाली, "साडेपाचाक पानी सुकतला, चाय पिऊन जा. आणि येऊन माका सांग काय काय हा ता."

मी गेले. ते परातीएवढं डबकं तिथेच आहे. आकार किंचित वाढलाय की माझी आठवण आकसलीय, सांगता येत नाही. सूर्य समोर ठेवून बसले. पाच मिनिटांनी शंख चालला. पाण्याच्या रेषेवर काळ्या गोगलगाई, झाकणं लावून. चुऱ्याच्या गोळ्यात समुद्रफूल मिटलेलं. एक दगड उचलला, खाली दोन चिंबोऱ्या आणि नारिंगी स्पंजाचा डाग होता. दगड होता तसा परत ठेवला. गोबी दिसला नाही.

साडेसहाच्या सुमाराला परतीचं पाणी जवळ येऊ लागलं. आधी फक्त आवाज बदलतो, लांबच्या लाटेचा खर्ज जवळ येतो. मग खालच्या घळीतून एक पातळ जीभ आली, खडकावरून सरपटत, डबक्याच्या काठाशी थांबली आणि मागे गेली. दुसरी आली तीही थांबली. तिसरी आत उतरली. पाणी क्षणभर गढूळ झालं, वाळूचे कण गोल फिरले, आणि त्या थंड पाण्याबरोबर समुद्रफुलाच्या मधोमध एक तपकिरी पाकळी बाहेर आली. मग दुसरी. बार्नेकलांची दारं उघडली आणि त्यांचे पिसासारखे पाय आत-बाहेर करू लागले, शेकडो, सगळे एकदम. एका गोगलगाईचं झाकण सरकलं.

तेवढ्यात दगडाचा एक तुकडा हलला. गोबी इतका वेळ माझ्या पायाशीच होता. लाट परत आली तेव्हा तो तिच्यावरून काठ ओलांडून वरच्या कातळावर गेला, जिथे आत्ताच पाणी चढत होतं. माझ्या चपला भिजल्या होत्या. आतेला सांगायला मी उठले.